मे की डिसेंबर? आधी स्वयंपाकघराचं दार उघडा

पत्राचा सारांश : मी नागपूरची, वय ५१. घरात सासूबाई (७७), यजमान, मुलगी आणि मी. धाकटे दीर न्यू जर्सीत असतात. सहा वर्षांनी ते, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं (१२ आणि ८) पुढच्या वर्षी तीन आठवड्यांसाठी येणार आहेत. कधी यायचं यावरून घरात चार महिने वाद चालू आहे. सासूबाई म्हणतात, मे महिन्यातच या. पोरांना रस-कुरोड्या खाऊ देत, गच्चीवर झोपू देत, उन्हाळ्यासारखी मजा नाही. मी म्हणते डिसेंबर. आमच्याकडच्या मे महिन्यात माणूस माणसात राहत नाही. मागच्या वेळी ते मे महिन्यातच आले होते. नणंदेचं कुटुंबही होतं. बारा माणसांचा स्वयंपाक, आणि हॉलमधल्या कूलरच्या वाऱ्याने गॅस विझतो म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागायचं. सासूबाईंना हिवाळ्याचं काय वावडं आहे कळत नाही. थंडीत त्या अकरापर्यंत पांघरुणातच असतात, म्हणजे त्यांना काही त्रासही नाही. शेवटी फॅमिली ग्रुपवर मतदान घेतलं : उन्हाळा सहा, हिवाळा पाच. यजमान म्हणतात, 'तुम्ही दोघी ठरवा.' तुम्ही तटस्थपणे सांगा, कोणता ऋतू जास्त चांगला? तुमचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

ताई,

सासूबाईंना वाचून दाखवणार म्हणालात, तेव्हा मी जरा सावरून बसले. म्हणजे हे उत्तर दोघींना आहे. मग माझं मत आधीच सांगून टाकते, नंतर लपवलं म्हणायला नको. मी अमरावतीची, गेली पंचवीस वर्षं पुण्यात. मला हिवाळा आवडतो. पण मी एवढंच लिहिलं आणि तुम्ही ते वाचून दाखवलंत तर सासूबाई काय म्हणतील तेही मला इथे बसून ऐकू येतंय : 'पुण्यात राहून तिला काय कळतो उन्हाळा?' आणि ते चूक नाही. तेव्हा माझी आवड बाजूला ठेवू. तिच्यावर तुमच्या दिरांची तिकिटं काढायची नाहीत.

उन्हाळा म्हटलं की मला आजोळची गच्ची आठवते. संध्याकाळी सहाला आम्ही पोरं खालून बादल्या भरभरून वर नेत असू. पहिलं पाणी ओतलं की फरशी चर्र करायची आणि भाजक्या मातीच्या वासाची वाफ तोंडावर यायची. चौथ्या-पाचव्या बादलीला फरशी गप्प व्हायची. मग कुरोड्या वाळत घातलेली धोतरं गोळा करायची, अर्धवट ओल्या दोन-चार कुरोड्या गुपचूप तोंडात टाकायच्या, गाद्या अंथरायच्या, आणि मामा सप्तर्षी दाखवत असताना कधी झोप लागली ते कळायचं नाही. त्या रात्रींची सर नंतर कशालाच आली नाही. पण बऱ्याच वर्षांनी, माझ्याच घरी पाहुणे आलेले असताना, ओट्याशी उभ्या उभ्या मला एकदम प्रश्न पडला : या सगळ्यात आई कुठे आहे? मामी कुठे आहे? गच्चीवर त्या मला आठवतच नाहीत. त्या खाली होत्या. पंधरा माणसांचं आवरून वर यायला त्यांना अकरा वाजायचे आणि पहाटे चारला कुरोड्यांसाठी गव्हाचा चीक शिजवायला त्या परत खाली.

तुमच्या पत्रात तापमान आहे, मतदान आहे, पण मी अडकले ती एका वाक्यात. दार लावून घ्यावं लागायचं. तुम्ही ते कूलरची तक्रार केल्यासारखं सहज लिहून पुढे गेला आहात. मी मात्र तिथेच थांबले. बाहेर ४४, आत दोन शेगड्या पेटलेल्या, कुकरची वाफ, पंखा लावायची सोय नाही, आणि बंद दारापलीकडून सगळ्यांचं हसणं ऐकू येतंय. मग कुणीतरी दार किलकिलं करून विचारणार, 'वहिनी, अजून थोडा रस आहे का?' त्या मे महिन्याला तुम्ही नावं ठेवलीत तर त्यात नवल काय?

आता एक उलटा प्रश्न विचारते, रागावू नका. समजा मे महिनाच आहे, पण तुम्ही हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसला आहात, पोळ्या करायला बाई आहे, आणि आंबे पिळायला यजमान बसले आहेत. तेव्हाही मे इतका वाईट वाटेल? आणि समजा डिसेंबर आहे, पण बारा माणसांच्या भाकरी तुम्ही एकट्या थापताय, सकाळी सहापासून प्रत्येकाच्या अंघोळीला पाणी तापवताय. तो डिसेंबर गोड लागेल? थंडीत माणसं जास्त खातात, हे विसरू नका. आयुर्वेदात हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो म्हणतात, त्याचा घरगुती अर्थ एवढाच की पाहुणे चार वेळा ताटावर बसतात. मेथीचे पराठे झाले, की तुरीच्या सोल्यांची आमटी, की भरीत, की गोळाभात. उन्हाळ्यात निदान दुपारी कुणाला फारशी भूक नसते.

म्हणजे तुमचं म्हणणं खोटं, असं नाही. नागपूरचा मे खरोखर कठीण असतो. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट, ४७ वर गेला की तीव्र लाट. तुमच्याकडे ४५ ही काही पेपरात पहिल्या पानावर यायची गोष्ट राहिलेली नाही. त्यात २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. त्याच दिवसांत नागपुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते, आणि ढगांचा अजून पत्ता नसतो. या दिवसांत ७७ वर्षांच्या बाईने पहाटे चीक शिजवून गच्चीवर कुरोड्या घालायच्या, हे मला ऐकायलाही नको वाटतं. उतारवयात तहान लागल्याचं लवकर कळत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अंगातलं पाणी आणखी भराभर उतरतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तर सासूबाई ऐकतील, सुनेने सांगितलं तर भांडण होईल. तेव्हा सांगायचं काम डॉक्टरांकडेच द्या.

पण सासूबाईंचा हट्ट हा हट्टच आहे, यावर माझा विश्वास बसत नाही. तुम्हीच लिहिलंय, थंडीत त्या अकरापर्यंत पांघरुणात असतात, म्हणजे त्यांना त्रास नाही. ताई, पांघरुणात असणं म्हणजे आराम, हे कुणी ठरवलं? संधिवाताच्या गुडघ्यांना डिसेंबरची सकाळ कशी असते ते एकदा त्यांच्या पलंगावर बसून विचारा. नागपूरची थंडी म्हणजे काही नुसती गुलाबी नव्हे. २०१८च्या डिसेंबरअखेर तुमच्याकडे पारा ३.५ अंशांवर आला होता. तितकी थंडी दर वर्षी नसते, पण आठ-नऊ अंशांतही सांधे आखडतात, रक्तदाब वर जातो, उठून उभं राहायला अर्धा तास लागतो.

आणि मे महिन्यात? मे महिन्यात त्या पहाटे चारला उठतात. तीन दिवस भिजवलेले गहू, रोज बदललेलं पाणी, वाटून गाळून रात्रभर बसवलेला चीक. आधणात किती मीठ, किती हिंग, चीक पळीवरून कसा पडला की झाला म्हणायचं, हे त्या घरात एकट्या त्यांनाच कळतं. सगळे त्यांच्या हुकमावर. सोऱ्या दाबायला दोन माणसं, वाटीभर चीक दूध-साखर घालून खायला पोरं ताटकळत बसलेली. सहा वर्षांनी मुलगा येतोय. त्याने आपल्याला कोणत्या रूपात पाहावं, पळी हातात घेतलेलं की रजईत गुरफटलेलं? मला वाटतं त्या मे मागत नाहीत. आपल्याला अकरापर्यंत पांघरुणात पाहून त्याने परत जाऊ नये, एवढं मागताहेत. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण विचारून बघायला हरकत नाही.

(सासूबाई, हे तुम्ही ऐकत असाल तर आगाऊपणाबद्दल माफ करा. आणि एक तुम्हालाही विचारते. मागच्या मे महिन्यात तुमची सून किती वेळ हॉलमध्ये बसली होती, आठवतं का? तुमच्या सासूबाईंच्या काळात तुम्हीही दाराआडच होतात, हे मला न सांगता कळतं. पण तेव्हा घरात राबायला चार जणी असायच्या. आता ती एकटी आहे.)

आता कॅलेंडर काढा. मतदान फार लोकशाहीने झालं खरं, पण ज्या दोन उमेदवारांमध्ये झालं त्यातला एक उभाच नव्हता. न्यू जर्सीतल्या शाळा मे महिन्यात सुटत नाहीत. त्या जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात. सहा वर्षांपूर्वी तुमचा मोठा पुतण्या फार तर बालवाडीत असेल, धाकटं तर मांडीवरचं. तीन आठवडे बुडाले तरी कुणी काही म्हटलं नसेल. आता मोठा सातवीच्या वयाचा आहे. 'उन्हाळ्याच्या सुट्टीत या' असं आजी म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मे असतो आणि नातवाच्या डोळ्यांसमोर जुलै. शब्द एकच, महिने वेगळे. दीर हे बोलले नाहीत, कारण आईला 'नाही' म्हणणं सहा वर्षं न आलेल्या मुलाला जड जातं. तेव्हा पहिलं काम : जाऊबाईंना फोन करून मुलांच्या शाळेचं वेळापत्रक मागवा. दिरांना नको, जाऊबाईंनाच. सुट्ट्यांच्या तारखा बायांना पाठ असतात.

मग उरतं काय? डिसेंबर आहे. नाताळाची सुट्टी तिकडे साधारण दहा दिवसांची. आधीचे चार दिवस बुडवले तर दोन आठवडे निघतात, तीन निघणार नाहीत. विमानाची तिकिटं तेव्हा वर्षातली सगळ्यात महाग, म्हणजे ठरवायचं ते पाच-सहा महिने आधी. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशनही बहुधा डिसेंबरातच असतं. कुणाला हॉटेलात उतरवायचा विचार असेल तर खोल्यांची चौकशी आधी करा आणि विधानभवन आहे त्या सिव्हिल लाइन्सकडे कामं ठेवू नका. एवढं सोडलं तर पाहुण्यांसाठी यापेक्षा बरे दिवस शोधून सापडायचे नाहीत. गंमत बघा, डिसेंबरात तुमच्याकडे दुपारी २८-२९ अंश असतात, आणि न्यू जर्सीत जुलैच्या दुपारी साधारण तेवढेच. तुमचा हिवाळा म्हणजे त्या पोरांचा उन्हाळा. ती अर्ध्या चड्डीत गच्चीवर हुंदडतील आणि तुम्ही स्वेटर घालून त्यांच्याकडे बघत बसाल.

घरात मात्र तीच पोरं कुडकुडतील. आपली घरं उन्हासाठी बांधलेली, गार फरशी, उंच छत, न लागणाऱ्या खिडक्या. बर्फातून आलेला माणूस नागपूरच्या न्हाणीघरात गारठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या घरात चोवीस तास हीटर असतो, आपल्याकडे एक गोधडी. दोन जास्तीची जाड पांघरुणं, पायात मोजे, अंघोळ दहानंतर, एवढ्यावर भागतं. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत झोपताना ठेवू नका, कितीही थंडी असो. तिच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो आणि झोपेतच माणसं जातात.

दुसरा पर्याय कुणीच मांडला नाही : जूनअखेर ते जुलै. पोरांना मोठी सुट्टी, तीन काय पाच आठवडे राहता येईल. विदर्भात पाऊस नेहमीच्या हिशेबाने जूनच्या मध्याला येतो, पण तो नेहमीचा हिशेब पाळतोच असं नाही. पाऊस लांबला तर ते दिवस मे महिन्यापेक्षा वाईट. कूलर कोरड्या हवेत पाणी उडवून गारवा देतो, आणि हवेत आधीच दमटपणा आला की त्याची खस नुसती वास मारते. पाऊस पडला की मात्र सुख. हापूस संपलेला असतो, पण लंगडा, दशेरी असतात, नीलम येतो, गावरान आंब्यांची शेवटची पाटीही एखादे वेळी मिळते. सासूबाईंचा रसाचा घोर तिथे मिटतो. कपडे वाळत नाहीत, डास होतात, बाहेरचं पाणी पोटाला बाधतं, हे तोटे आहेतच. आणि डेंगीचे दिवस, हे विसरून चालणार नाही.

तिसरा पर्याय मला सगळ्यात आवडतो, पण तो मांडायला धीर लागतो. दिरांनी एकट्याने यावं, दहा दिवस, अक्षय तृतीयेच्या आसपास. तुमच्याकडेही पितरांची घागर भरल्याशिवाय आंबा तोंडात घालत नसतील. आईच्या हातची घागर, आईच्या हातचा रस, एप्रिल-मे मधलं ऊन, जे कडक असतं पण नवतप्याचं नसतं. एक माणूस जास्त जेवायला असला तर स्वयंपाकघराचं दार लावायची वेळ येत नाही. मुलगा आईजवळ बसेल, दोघं जुन्या गोष्टी काढतील, आणि बाकीचं कुटुंब त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी डिसेंबरात येईल. दोनदा तिकीट काढायला पैसे लागतात, हे खरं. ते परवडतात का हे दिरांनी ठरवावं, तुम्ही त्यांच्या वतीने 'परवडणार नाही' म्हणू नका. आईला नक्की नातवंडं हवीत की लेक, हे आपण कधी विचारतच नाही. दोन्ही, असं त्या म्हणतील. पण कुठलं आधी म्हणतात, तिकडे कान द्या.

निकाल मागितला आहात तर देते. सगळ्या कुटुंबाने यायचं असेल तर डिसेंबर. पण तुम्ही जिंकलात म्हणून नाही, आणि तीन अटी आहेत.

पहिली अट सासूबाईंच्या डिसेंबराची. पाहुणे यायच्या दोन महिने आधी गुडघे डॉक्टरांना दाखवा, फिजिओथेरपीचे चार व्यायाम सुरू करा. सकाळी ऊन येतं ती खोली त्यांना द्या, पाहुण्यांना नव्हे. अंघोळ अकराला, तेल आधी. आणि त्यांना राज्य द्या. मे महिन्यात कुरोड्या आहेत तशा डिसेंबरात गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे रोडगे आहेत. गोवऱ्यांचा जाळ किती, रोडगे राखेत कधी पुरायचे, कधी उलटायचे, वांग्याच्या भाजीला तेलाचा तवंग किती, हे खुर्चीवर बसून सांगता येतं. ओळखीच्या कुणाच्या शेतावर जागा मिळाली तर हुरडाही होईल. पोरांना आजी जाळाशी बसून हुकूम सोडताना दिसू दे. गव्हाचा चीक तर डिसेंबरातही होतो. त्याला ऊन लागत नाही, ऊन लागतं ते कुरोड्या वाळायला. त्या मार्च-एप्रिलमध्ये करून ठेवा, जमेल तेवढ्याच, पाच किलोंच्या नव्हे. रस मात्र नाही मिळणार. डीप फ्रीझरमधला रस सासूबाईंसमोर ठेवायची हिंमत मी करणार नाही. संत्री मिळतील. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला येणारं पीक, साधारण डिसेंबरपर्यंत बाजारात असतो. नातवंडांना झाडावरून तोडून खाऊ घाला, ती रसाचं नाव काढायची नाहीत. (आजी काढेल. काढू दे.)

दुसरी अट स्वयंपाकघराची, आणि ती कोणत्याही ऋतूला लागू. तेवढ्या दिवसांपुरती पोळ्या-भाकरीला बाई ठेवा, तिला चार पैसे जास्त द्या, आणि हा खर्च दिरांकडून घ्यायला लाजू नका. ते हॉटेलात उतरले असते तर किती गेले असते? यजमान 'तुम्ही दोघी ठरवा' म्हणतात, ते मला फार सोयीचं वाटतं. दोघींनी ठरवायचं आणि एकीने राबायचं, यात त्यांच्या वाट्याला काय आलं? सकाळचा चहा-नाश्ता त्यांच्याकडे द्या. पोहे सगळ्यांना येतात, येत नसतील तर शिकायला अजून भरपूर वेळ आहे.

आणि कूलरचं. हे मी माझ्या घरी करून पाहिलं आहे, म्हणून सांगते. एक इंडक्शनची शेगडी घ्या. तिला ज्योत नाही, वाऱ्याने विझत नाही. भाजी, वरण, दूध, चहा तिच्यावर होतं. पोळ्यांपुरता गॅस, तोही सकाळी नऊच्या आत. मग स्वयंपाकघरात पंखा लावता येतो आणि दार लावायची गरजच उरत नाही. उलट दार उघडं हवं. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती ओली होते, गार होत नाही. हॉलचा कूलर चालू, स्वयंपाकघराचं दार उघडं आणि स्वयंपाकघराची खिडकीही उघडी, म्हणजे गार वारा हॉलमधून तुमच्यापर्यंत येऊन बाहेर पडेल. तुम्ही दार लावून घेत होतात तेव्हा हॉलमध्येही उकडतच असणार, कुणी बोललं नसेल एवढंच.

तिसरी अट म्हणजे मे महिन्यात कुणी एकटं आलं, दीर किंवा नणंद, तरी घराचं घड्याळ बदलायचं. स्वयंपाक सकाळी आटपायचा, बारा ते चार कुणी बाहेर पडायचं नाही, निघालंच तर डोक्याला दुपट्टा. सासूबाईंना तहान लागो न लागो, तासाला पाणी, पन्हं, ताक. साखरेचा त्रास असेल तर पन्ह्यात गूळ किती ते डॉक्टरांना विचारा. अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं तर पायाला कांदा चोळत बसायचं नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी शिंपडायचं, वारा घालायचा आणि १०८ला फोन लावायचा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

इतर वाचकांसाठी चार ओळी, कारण हा वाद घरोघरी आहे. तुमचे नातलग टेक्सास किंवा जॉर्जियाकडे असतील तर तिकडच्या बऱ्याच शाळा मेअखेरीलाच सुटतात आणि ऑगस्टमध्ये लवकर उघडतात, म्हणजे आंब्याच्या शेपटाला ते पकडता येतात. ऑस्ट्रेलियातल्यांचं सोपं आहे. त्यांच्या उन्हाळ्याची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत येते, वाद घालायलाच नको. मुंबई-कोकणात नागपूरचे आकडे लावू नका. तिथे मे महिन्यात ३४ असले तरी घामाने जीव जातो आणि कूलर कुचकामी. आणि ज्यांच्या घरी दम्याचं माणूस आहे त्यांनी थंडी 'सुखाची' धरून चालू नये. पहाटेचं धुकं आणि शेकोट्यांचा धूर त्यांना मे महिन्यापेक्षा जास्त छळतो.

ताई, मतदान पुन्हा घेऊ नका. ग्रुपवर ज्या सहा जणांनी उन्हाळ्याला मत दिलं त्यांतले किती जण मागच्या वेळी ओट्याशी उभे होते, ते तुम्हाला माहीत आहे. आणि उत्तर वाचून दाखवायचं असेल तर कंसातला मजकूर गाळू नका. मी तो मुद्दाम लिहिलाय.

ठरलं की कळवा. रोडग्यांचं ठरलं तर जरा आधी कळवा, पुण्याहून नागपूरला पोचायला वेळ लागतो.